मार्क चांगले, मुलाखतीत मात्र नापास: ऑटिस्टिक विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कॅम्पस प्लेसमेंटचा दिवस. समोर तीन जणांचं पॅनल. पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.'

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे बहुतेक विद्यार्थ्यांना एखाद्या सीनियरने आधीच सांगितलेलं असतं. जन्म कुठे झाला, घरी कोण कोण आहे, आवडता खेळ कोणता, यातलं फारसं काही पॅनलला नको असतं. दीड-दोन मिनिटांत शिक्षण, एखादा प्रोजेक्ट आणि 'मी या कामासाठी योग्य का' एवढंच त्यांना ऐकायचं असतं. पण प्रश्नात तर हे कुठेच म्हटलेलं नाही.

ऑटिस्टिक विद्यार्थी प्रश्न जसा विचारलाय तसाच घेण्याची शक्यता जास्त असते. 'स्वतःबद्दल सांगा' म्हणजे कुठून सुरू करू? किती सांगू? तो थांबतो, टेबलाकडे बघत विचार करतो. किंवा दहा मिनिटं बोलत राहतो. पॅनलच्या कागदावर शेरा पडतो, 'कम्युनिकेशन वीक'. त्याला कोडिंग येतं का, हिशेब तपासता येतात का, हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

हे चित्र काल्पनिक असलं तरी प्रश्न खरा आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये 'बकलंड रिव्ह्यू' हा ऑटिझम आणि रोजगारावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथे काम करण्याच्या वयातल्या 10 ऑटिस्टिक व्यक्तींपैकी साधारण 3 जणच नोकरीत आहेत. सर्व दिव्यांग व्यक्तींमध्ये हे प्रमाण 10 पैकी 5, तर दिव्यांग नसलेल्यांमध्ये 10 पैकी 8 आहे. डिग्री मिळाली म्हणून अडचण संपते असंही नाही. शिक्षण संपल्यावर 15 महिन्यांनी फक्त 36 टक्के ऑटिस्टिक पदवीधरांना पूर्णवेळ नोकरी मिळालेली होती.

मग या विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार कसं करायचं? गेल्या काही वर्षांत याचं एक उत्तर पुढे आलंय, ते म्हणजे सोशल स्किल्स ट्रेनिंग. हे ट्रेनिंग काय असतं, त्याने काय साधतं आणि कुठे कमी पडतं, ते पाहूया.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

ऑटिझम हा आजार नाही. मेंदूची जडणघडण वेगळ्या पद्धतीने होण्याशी त्याचा संबंध आहे आणि तो जन्मभर सोबत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 127 व्यक्तींमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक होती.

निदान करताना प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, इतरांशी संवाद साधण्याची आणि नाती जोडण्याची वेगळी पद्धत. दुसरी, ठरलेल्या क्रमाची गरज, एखाद्या विषयात खोल रस, त्याच त्या हालचाली करणं किंवा आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं. यातलं प्रत्येकात सगळंच नसतं आणि सारख्या प्रमाणातही नसतं. म्हणूनच त्याला 'स्पेक्ट्रम' म्हणतात. काहींना रोजच्या प्रत्येक गोष्टीत मदत लागते, तर काही जण इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सची डिग्री घेऊन बाहेर पडतात. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटाबद्दल आहे.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रुळलाय, पण त्यातून थोडा गैरसमजही होतो. स्वतःतच रमलेला, इतरांशी घेणंदेणं नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक तरुणांना मित्र हवे असतात, टीममध्ये सामावून जायचं असतं. ते कसं करायचं, याचे न सांगितलेले नियम त्यांना आपोआप उमगत नाहीत, अडतं ते इथे.

कॉलेजमध्ये जमतं, मग नोकरीत कुठे अडतं?

कॉलेजमध्ये बऱ्याच गोष्टी लेखी असतात. सिलॅबस ठरलेला, टाइमटेबल भिंतीवर लावलेलं, कोणत्या प्रश्नाला किती मार्क तेही छापलेलं.

ऑफिसमध्ये काम लिहून दिलेलं असतं, पण वागणं लिहून दिलेलं नसतं. 'जमलं तर आज बघून घे' असं बॉस म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आजच कर' असा असतो. 'काही शंका असेल तर कधीही विचार' याचा अर्थ दर पाच मिनिटांनी विचार असा नसतो. मीटिंगमध्ये वरिष्ठांची चूक दिसली, तर ती तिथेच सांगायची की नंतर? एका ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, दुसऱ्यात 'सर', 'मॅडम', तिसऱ्यात 'साहेब'. चहाला खाली टपरीवर जाणं हे कामाचा भाग नाही. तरी निम्म्या बातम्या तिथेच कळतात आणि ओळखीही तिथेच होतात.

शिवाय ओपन ऑफिसमधला गोंगाट, एसीची घरघर आणि डोळ्यांवर येणारे दिवे असतातच. ज्याला आवाजाचा त्रास होतो, त्याची अर्धी ताकद हे सगळं सहन करण्यातच जाते.

आणखी एक बदल होतो. अमेरिकेत शाळेत असेपर्यंत विशेष गरजा ओळखून मदत पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी शाळेवर असते. कॉलेजमध्ये गेल्यावर विद्यार्थ्याने स्वतः आपली अडचण सांगून मदत मागायची असते. नोकरीतही तसंच. इतकी वर्षं त्याच्या वतीने आई-बाबा बोलत असतील, तर 'मला हे जमतं, पण यासाठी ही सोय लागेल' हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलेलंच नसतं.

सोशल स्किल्स ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात?

या क्षेत्रातला सर्वाधिक अभ्यासलेल्या कार्यक्रमांपैकी एक म्हणजे 'पीअर्स'. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये, म्हणजे यूसीएलएमध्ये, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तो किशोरवयीन मुलांसाठी विकसित केला. नंतर त्याची तरुणांसाठीची आवृत्ती आली. तिचा अभ्यासक्रम 16 आठवड्यांचा आहे. पुढे नोकरीच्या तयारीसाठीही वेगळा पीअर्स कार्यक्रम सुरू झाला.

पीअर्सचं एक तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. मोठ्यांना जे वागणं योग्य वाटतं ते इथे शिकवत नाहीत. लोकांमध्ये सहज मिसळणारी माणसं प्रत्यक्षात जे करतात, ते शिकवतात.

उदाहरणार्थ, चार जण गप्पा मारत उभे आहेत आणि त्यात सामील व्हायचंय. घरी सल्ला मिळतो, 'जा, हॅलो म्हण, नाव सांग.' पण प्रत्यक्षात असं कुणी करत नाही. आपण जवळ जाऊन विषय काय चाललाय ते ऐकतो, बोलण्यात छोटी फट पडायची वाट बघतो, मग त्याच विषयावर एखादं वाक्य बोलतो. समोरच्यांनी आपल्याकडे वळून जागा दिली तर थांबतो, नाहीतर शांतपणे निघून जातो. हे आपण न शिकता करतो, त्यामुळे त्याच्या पायऱ्या असतात हेच आपल्याला माहीत नसतं. पीअर्समध्ये त्याच पायऱ्या एकेक करून सांगितल्या जातात.

पद्धत साधारण अशी. आधी प्रशिक्षक चुकीचं वागून दाखवतात. मग विचारतात, समोरच्याला कसं वाटलं असेल? त्याचं माझ्याबद्दल काय मत झालं असेल? तो पुन्हा माझ्याशी बोलेल का? नंतर योग्य पद्धत करून दाखवतात, विद्यार्थी सराव करतात आणि घरी जाताना प्रत्यक्ष करायचं काम मिळतं. त्याच वेळी पालक किंवा जवळच्या व्यक्तीचा वेगळा वर्ग चालतो, कारण आठवडाभर घरी सराव त्यांनीच करून घ्यायचा असतो. गप्पांमध्ये दोघांच्या आवडीचा विषय कसा शोधायचा, मेसेज कसे आणि किती पाठवायचे, आपण केलेल्या विनोदावर लोक हसतायत की आपल्यालाच हसतायत हे कसं ओळखायचं, मतभेद कसे हाताळायचे, असे धडे त्यात असतात.

याने नोकरी मिळते का?

इथे जरा थांबून बघायला हवं. तरुणांसाठीच्या पीअर्सच्या सुरुवातीच्या दोन प्रयोगांत, 2012 मध्ये 17 आणि 2015 मध्ये 22 तरुण होते. सामाजिक कौशल्यांची समज वाढली, मित्रांसोबतच्या भेटीगाठी वाढल्या, असे निष्कर्ष आले. हे महत्त्वाचं आहेच. पण गट छोटे होते आणि मोजली गेली ती मैत्री आणि संवाद. नोकरी नव्हे. वर्गात नियम पाठ होणं आणि सोमवारी सकाळी ऑफिसात तो वापरता येणं, यात अंतर आहे.

मग हे अंतर कमी कसं होतं? याचं एक उत्तर अमेरिकेतल्याच 'प्रोजेक्ट सर्च'मध्ये सापडतं. 1996 मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेल्या या उपक्रमात तरुणांना थेट कामाच्या ठिकाणीच प्रशिक्षण देतात. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी त्याला ऑटिझमसाठीची खास मदत जोडली आणि शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या 18 ते 21 वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. या मुलांनी नऊ महिने रुग्णालयात इंटर्न म्हणून वेगवेगळ्या विभागांत काम केलं. सहकाऱ्यांशी कसं बोलायचं, सुट्टी कशी सांगायची, ब्रेक किती घ्यायचा, हे सगळं तिथेच, त्या त्या क्षणी शिकवलं गेलं.

2014 मध्ये निष्कर्ष आले. हे प्रशिक्षण घेतलेल्या 24 पैकी 21 जणांना नोकरी मिळाली. ज्यांना ते मिळालं नव्हतं, अशा 16 जणांपैकी फक्त एकाला. हा अभ्यासही छोटाच आणि ही मुलं कॉलेजची नव्हती. तरी फरक इतका मोठा आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जिथे वापरायचंय तिथेच शिकवलं तर ते टिकतं, हाच त्याचा अर्थ.

मुलाखतीच्या सरावासाठी कॉम्प्युटरवरचे कार्यक्रमही तयार झालेत. त्यातल्या एकात 'मॉली पोर्टर' नावाची आभासी एचआर अधिकारी मुलाखत घेते आणि उत्तर कुठे चुकलं ते लगेच कळतं. ती कंटाळत नाही, हसत नाही, आणि तीच मुलाखत पुन्हा पुन्हा देता येते. ज्याला अनोळखी प्रसंगाची धास्ती वाटते, त्याच्यासाठी ही सोय मोठी आहे.

मग वाद कशावर आहे?

अनेक ऑटिस्टिक व्यक्तींचा अशा ट्रेनिंगवर एक आक्षेप आहे. त्यात आम्हाला काम करायला शिकवतात की 'नॉर्मल' दिसायला?

नजरेला नजर देण्याचंच उदाहरण घ्या. काही ऑटिस्टिक लोकांना समोरच्याच्या डोळ्यांत बघताना इतकं अवघडतं की तो काय बोलतोय हेच ऐकू येईनासं होतं. अशा माणसाला 'डोळ्यांत बघून बोल' असं शिकवलं, तर तो पॅनलला आवडेल, पण प्रश्न निम्माच ऐकेल.

आपलं ऑटिस्टिक असणं सतत लपवत राहण्याला 'मास्किंग' म्हणतात. हसू कधी आणायचं, हात कुठे ठेवायचे, किती वेळ बघायचं, याचा दिवसभर हिशेब ठेवायचा आणि वर कामही करायचं. संशोधनात मास्किंगचा संबंध चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशीही दिसून आलाय. त्यामुळे एखादं ट्रेनिंग चांगलं की वाईट हे ठरवताना एक साधा प्रश्न विचारता येतो. यातून विद्यार्थ्याला ऑफिसचा नियम कळतोय, की स्वतःला लपवायचं कसं तेवढंच कळतंय?

'मेल आला की मिळाला म्हणून दोन शब्दांचं उत्तर द्यायचं, म्हणजे समोरचा निर्धास्त होतो,' हा नियम आहे. तो कारणासकट सांगितला की उपयोगी पडतो. 'पाय हलवू नकोस, लोक बघतात,' यात कामाचं काहीच नाही.

न समजणं फक्त एकाच बाजूने असतं का?

ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 मध्ये 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' ही कल्पना मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हटलं जातं. पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? दोन वेगळ्या पद्धतीने जग अनुभवणारी माणसं भेटली की अडचण दोन्हीकडून येते, असं त्यांचं म्हणणं.

मुलाखतीच्या दृष्टीने 2017 चा एक अभ्यास फार बोलका आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस कॅम्पसमधले नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या लोकांच्या बोलण्याच्या अगदी छोट्या क्लिप इतरांना दाखवल्या. काही सेकंदांतच लोकांनी ऑटिस्टिक व्यक्तींबद्दल प्रतिकूल मत बनवलं. या माणसाशी बोलायला फारसं आवडणार नाही, असं सांगितलं. मात्र आवाज आणि चित्र काढून तेच बोलणं फक्त लिखित स्वरूपात दिलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला.

म्हणजे नापसंती होती ती बोलण्याच्या ढबीबद्दल. बोलण्यात काय आहे, याच्याशी तिचा संबंध नव्हता. आणि कॅम्पस मुलाखत बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांच्या छापावरच ठरते.

कंपन्यांनी काय बदललं?

म्हणूनच काही ठिकाणी विद्यार्थ्याबरोबर मुलाखतही बदलली गेली. डेन्मार्कमध्ये 2004 मध्ये थॉर्किल सॉन यांनी 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी सुरू केली. तिथे उमेदवारांना प्रश्न विचारत बसण्याऐवजी लेगोचे रोबो बनवायला आणि चालवायला दिले गेले. माणूस काम कसं करतो हे काम करतानाच बघायचं, हा त्यामागचा विचार.

जर्मन सॉफ्टवेअर कंपनी सॅपने 2013 मध्ये स्पेशलिस्टर्नच्या साथीने 'ऑटिझम अॅट वर्क' उपक्रम जाहीर केला. त्याआधीचा प्रायोगिक टप्पा भारतात, बंगळुरूमध्ये पार पडला होता. तिथे ऑटिस्टिक तरुणांना सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम दिलं गेलं. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये ऑटिस्टिक उमेदवारांसाठी वेगळी भरती सुरू केली. त्यात एका बैठकीच्या मुलाखतीऐवजी काही दिवस प्रत्यक्ष काम आणि सराव असतो.

अर्थात सगळे ऑटिस्टिक तरुण कॉम्प्युटरमध्येच हुशार असतात, हाही एक ठोकळेबाज समज आहे. कुणाला ग्रंथालय आवडतं, कुणाला प्रयोगशाळा, कुणाला स्वयंपाकघर.

बदल नेहमी खर्चिक असतात असंही नाही. प्रश्न आधी लेखी देणं, एका वेळी एकच प्रश्न विचारणं, 'तुमच्या टीममधल्या अनुभवाबद्दल बोला' ऐवजी 'मागच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडे कोणतं काम होतं?' असं नेमकं विचारणं, यासाठी पैसे लागत नाहीत. आणि याचा फायदा घाबरलेल्या प्रत्येक उमेदवाराला होतो.

भारतात कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संमत झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम स्पेक्ट्रमचा समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकऱ्यांमध्ये एकूण 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सर्वांना मिळून आहे.

या कायद्यात 'वाजवी सोय' ही संकल्पनाही आहे. म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेले असे बदल, ज्यांचा समोरच्यावर अवाजवी भार पडत नाही. खासगी कंपन्यांसह प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. त्यामुळे नोकरीसाठी अर्ज करताना कंपनीचं हे धोरण विचारणं हा आगाऊपणा नाही.

अडचण अशी की अनेकांचं निदान लहानपणी झालेलंच नसतं. 'लाजाळू आहे', 'हट्टी आहे', 'पुस्तकी किडा आहे' म्हणत मूल कॉलेजपर्यंत पोहोचतं. प्रमाणपत्र नाही, मग सोयही नाही.

आपण ऑटिस्टिक आहोत हे सांगायचं की नाही?

याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. सांगितलं तर सोयी मागता येतात, वागण्याचा चुकीचा अर्थ काढला जात नाही. पण पूर्वग्रहाचा धोकाही असतो. हा निर्णय विद्यार्थ्याचा असतो, पालकांचा किंवा प्राध्यापकांचा नाही.

मधला मार्गही आहे. निदानाचं नाव न घेता गरज सांगता येते. 'मला तोंडी सूचना पटकन लक्षात राहत नाहीत, मेलवर पाठवाल का?' किंवा 'गोंगाटात माझं लक्ष लागत नाही, हेडफोन लावून काम केलं तर चालेल का?' हे दोन वाक्यांत मागणं हेच खरं तर सगळ्यात उपयोगी सोशल स्किल आहे, आणि ते शिकवता येतं.

कॉलेज आणि घरच्यांना काय करता येईल?

- शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. दुसऱ्या वर्षापासूनच थोड्या तासांचं खरं काम द्या. ग्रंथालय, लॅब, ओळखीच्यांचं दुकान, काहीही चालेल.
- नियम सांगताना त्यामागचं कारणही सांगा. 'असंच करतात' हे उत्तर पुरेसं नाही.
- मुलाखतीची खोली आधी दाखवा. किती जण असतील, किती वेळ चालेल, कुठे बसायचं, हे सांगा. अनिश्चितता कमी झाली की उत्तरं सुधारतात.
- बोलण्याइतकंच कामही दिसू द्या. प्रोजेक्टची फाइल, कोड, डिझाइन, हिशेबाचा नमुना सोबत न्यायला सांगा.
- ऑफिसात एक ठरलेली व्यक्ती असावी, जिला 'याचा नेमका अर्थ काय?' हे न लाजता विचारता येईल.
- प्लेसमेंट सेलने कंपनीच्या एचआरशी आधी बोलावं, पण विद्यार्थ्याच्या परवानगीनेच.

यातल्या निम्म्या गोष्टी विद्यार्थ्याने शिकायच्या आहेत, निम्म्या त्याच्या आजूबाजूच्यांनी. सगळं ओझं एकट्या विद्यार्थ्यावर टाकलं, तर ट्रेनिंग कितीही चांगलं असलं तरी तो दमणार.

आता पुन्हा त्या प्लेसमेंटच्या खोलीत येऊया. तेच पॅनल, तोच विद्यार्थी. या वेळी पहिला प्रश्न असा असतो, 'तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस, ते दोन मिनिटांत सांग.' विद्यार्थी अजूनही टेबलाकडेच बघतोय. पण उत्तर कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला माहीत आहे. आणि तो बोलायला लागतो.